‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फॉर्ममध्ये भरलेली माहिती कशी तपासायची यावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं उलट्या बाजूचं निघालं. आत काय जातंय ते आपण दहादा बघतो, पण बाहेर काय येतंय, काम पुरं झालं की अर्धवट सुटलं, आणि माणसाला यातून बाहेर पडायचं असेल तर वाट कुठे आहे, हे शेवटच्या दिवशी कुणीतरी घाईत उरकतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न बाहेरच्या बाजूचेच घेतलेत. नावं छापलेली नाहीत, भाग तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. रोज रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) डेटाबेसचा बॅकअप निघतो, डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढायचा, पाइपने म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला जोडून जीझिपला (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) द्यायचा, फाइल लिहायची आणि एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) शून्य आला की मला ‘बॅकअप ओके’ असा मेसेज, एवढीच स्क्रिप्ट आहे. परवा सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप उघडला तर रिकामा. आदल्या दिवशीचा उघडला, तोही रिकामा. असं मागे मागे जात पाच महिने रिकामे निघाले, आणि मेसेज मात्र एकही दिवस न चुकता आलेला. माझं नक्की कुठे चुकलं?
— वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्ही मेसेज लावला होता, रोज तो बघत होता, म्हणजे निष्काळजीपणा म्हणावा असं यात काही नाही, चूक एका बारीकशा जागी आहे आणि ती जागा बहुतेकांना माहीतच नसते.

पाच महिन्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला का ते आठवून बघा, किंवा युजरचे हक्क कुणी कमी केले का. माझा अंदाज असा की त्या दिवसापासून डंप काढणारी कमांड पहिल्याच सेकंदाला फेल होत होती. ती फेल झाली म्हणून तिने शून्य सोडून दुसरा कोड दिलाही, पण पाइपलाइन असेल तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) साधारणपणे शेवटच्या कमांडचाच कोड पूर्ण ओळीचा कोड म्हणून धरतो. आणि शेवटी कोण होतं, तर जीझिप. त्याच्याकडे काहीच आलं नाही, त्याने ते ‘काहीच नाही’ व्यवस्थित दाबून फाइलीत ठेवलं आणि शून्य म्हणून सांगितलं. त्याच्या परीने ते खरंच होतं! त्या फाइलींची साइज बघा, बरोबर २० बाइट असेल. १० बाइटचं सुरुवातीचं हेडर, २ बाइट रिकामा माल आणि शेवटी ८ बाइटमध्ये चेकसम (माल बिघडला नाही ना ते ताडायचा आकडा) आणि लांबी. ‘जीझिप माइनस टी’ने तपासली असती तरी फाइल ठणठणीत आहे असंच उत्तर आलं असतं, कारण फाइल म्हणून ती ठणठणीतच आहे.

आता दुरुस्ती. स्क्रिप्टच्या वर ‘सेट माइनस ओ पाइपफेल’ टाका, म्हणजे पाइपातली कुठलीही कमांड पडली की पूर्ण ओळ पडली असं धरलं जाईल. पण पहिल्या ओळीत शेल म्हणून बॅश लिहिलंय ना ते बघा, उबुंटूवर क्रॉन मुळात एसएच चालवतो, ते असतं डॅश, आणि जुन्या डॅशला पाइपफेल कळत नाही. (पाइपफेल लावल्यावर कधीतरी १४१ असा कोड दिसला तर घाबरू नका, पुढच्या कमांडने पाइप लवकर बंद केला एवढाच त्याचा अर्थ, ‘हेड’ (फक्त पहिल्या काही ओळी घेणारी कमांड) वापरलं की असं होतं.) दुसरं, एरर कुठे जात होता ते शोधा. आउटपुटच्या दोन वेगळ्या नळ्या असतात, एक नंबरवर माल आणि दोन नंबरवर तक्रार, आणि बऱ्याच स्क्रिप्टमध्ये कुणीतरी ‘मेल फार येतात’ म्हणून दोन नंबरची नळी डेव्ह-नल मध्ये, म्हणजे गेलेलं सगळं नाहीसं होणाऱ्या खड्ड्यात, सोडून दिलेली असते. तुमच्याकडे पाच महिने रोज रात्री ‘ॲक्सेस डिनाइड’ अशी ओळ निघत असणार, ती त्या खड्ड्यात गेली. ती लॉगमध्ये वळवा.

तिसरं, थेट शेवटच्या नावाने फाइल लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मगच नाव बदला. तपासायचं म्हणजे काय? मायएसक्यूएलचा डंप असेल तर शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ असं येतं (कॉमेंट बंद केल्या नसतील तर), ती ओळ आहे का बघायचं, आणि साइज कालच्यापेक्षा एकदम खाली आली असेल तर नाव बदलायचंच नाही.

आणि मेसेज बदला. ‘बॅकअप ओके’ या शब्दांत माहिती काहीच नाही. ‘काल ४१२ एमबी, आज २० बाइट’ असा मेसेज आला असता तर चहा पिता पिता पहिल्याच सकाळी तुमच्या लक्षात आलं असतं. शिवाय मेसेज आलाच नाही तर? गप्प बसणं हेही एक आउटपुटच आहे, पण ते ऐकायला दुसरं कुणीतरी लागतं, म्हणून वेगळ्या मशीनवरून ‘आज सकाळी सहापर्यंत बॅकअपची खबर आली नाही’ असा उलटा अलार्म लावा. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून शेवटचं बिल निघतंय का तेही बघा, त्याला दुसरा पर्याय नाही.

एक राहिलंच. काही जण झालेल्या चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून परत देतात. कोडला जागा आठ बिटांची, म्हणजे ० ते २५५. बरोबर २५६ चुका झाल्या की कोड येतो शून्य, म्हणजे सगळं उत्तम! असं कधी करू नका.

प्रश्न : आमच्या प्लांटमध्ये नवीन कन्व्हेयर लाइन बसतेय. पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) फॉल्ट आला तर आउटपुट आहे त्याच स्थितीत ठेवायचे की सगळे शून्य करायचे यावर वाद चालू आहे. शिवाय प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं की इमर्जन्सी स्टॉप सोडला की लाइन आपोआप सुरू व्हावी, दर वेळी ऑपरेटरने परत जाऊन स्टार्ट दाबायचं म्हणजे वेळ जातो.
— मेंटेनन्स इंजिनिअर, चाकण

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण त्यात वाद नाहीच. नाही. ई-स्टॉपचं बटण फिरवून सोडणं म्हणजे फक्त ‘आता सुरू करायला हरकत नाही’ एवढंच, सुरू करायची आज्ञा वेगळ्या बटणाने, माणसाने समोर बघून द्यायची. ई-स्टॉपबद्दलच्या आयएसओ १३८५० या आंतरराष्ट्रीय मानकात हे स्पष्ट आहे आणि प्रॉडक्शनशी भांडताना तेच पुढे करा. ज्याने बटण सोडलं त्याला लाइनच्या पलीकडे वाकलेला माणूस दिसेलच असं नाही, रोलरमध्ये अडकलेला बॉक्स काढायला कुणाचा तरी हात आत असतो, आणि त्या हातापेक्षा पंधरा सेकंद महाग नाहीत.

आता आउटपुटचं. ‘सगळे शून्य’ हे उत्तर बऱ्याच वेळा बरोबर असतं, पण सगळ्या वेळा नाही, म्हणून कृपा करून मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये एक टिक करून मोकळे होऊ नका. कागद घ्या आणि एकेक आउटपुट लिहून त्यापुढे ‘वीज गेली तर काय होतं’ ते लिहा. मोटर, शून्य, थांबते, बरोबर. उभ्या लिफ्टची मोटर, शून्य केली तर माल खाली येईल का? तिथे स्प्रिंगवर लागणारा ब्रेक हवा, जो वीज असताना सुटतो आणि वीज गेली की आपसूक धरतो. व्हॅक्यूमने शीट उचलणारा ग्रिपर, शून्य केला की शीट कुणाच्या तरी पायावर. कूलिंगचा पंप, तो चालूच राहायला हवा. क्लॅम्प असेल तर दोन्ही बाजूंना कॉइल असलेला व्हॉल्व्ह घेतलात तर वीज गेली तरी तो आहे तिथे राहतो. म्हणजे प्रत्येक आउटपुटची सुरक्षित अवस्था वेगळी, आणि ती यंत्राकडे बघून ठरते, प्रोग्रॅमकडे बघून ठरत नाही. मी तर म्हणेन की प्रोग्रॅम लिहायच्या आधी हा कागद झाला पाहिजे.

थांबण्याचेही प्रकार आहेत. कॅटेगरी शून्य म्हणजे तडक वीज तोडायची, कॅटेगरी एक म्हणजे आधी ताब्यात ठेवून थांबवायचं आणि थांबल्यावर वीज तोडायची. जोरात फिरणारं जड काही असेल तर नुसती वीज तोडली की ते आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहतं, तिथे कॅटेगरी एक बरी. कॅटेगरी दोन म्हणजे थांबवून वीज तशीच चालू ठेवणं, ते ई-स्टॉपला चालत नाही.

ई-स्टॉपचा कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्डच (एरवी जोडलेला, बटण दाबलं की तुटणारा) हवा, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी लाइन थांबेल. उलटा ठेवलात तर वायर तुटल्याचं तुम्हाला कळेल ते नेमकं बटण दाबायची वेळ येईल तेव्हा. हा मार्ग सेफ्टी रिलेतून किंवा सेफ्टी पीएलसीतूनच न्या, साध्या पीएलसीच्या आउटपुट कार्डावर तो सोडू नका. आणि कॉन्टॅक्टरचा (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) फीडबॅक घ्या, हे फार महत्त्वाचं. पीएलसीने आउटपुट शून्य केला म्हणजे त्याने सांगितलं, कॉन्टॅक्टर सुटलाच असं नाही, कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटलेले मी डोळ्यांनी बघितलेत, पॅनलवरचा दिवा विझलेला आणि मोटर फिरतेय. सहायक कॉन्टॅक्टवरून परत माहिती आली नाही तर पुढचा स्टार्ट मिळताच कामा नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मोबाइलवर ‘एक महिना मोफत’ म्हणून एक ॲप घेतलं होतं, नंतर दर महिन्याला पैसे कटू लागले. बंद करायचं कुठे ते सापडेना म्हणून ॲपच काढून टाकलं, तरी या महिन्यात पैसे गेलेच. हे कसं?
— वाचक, कोथरूड

उत्तर : बाई, ॲप काढलं म्हणजे मोबाइलमधून गेलं, पण पैसे घ्यायची परवानगी दुसरीकडे दिलेली असते ती तशीच राहते. ती कुठून दिली होती ते आधी शोधायचं. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा अक्षर असेल ते दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ मध्ये जाऊन बघा. तिथे नसेल तर ज्या यूपीआय ॲपने पैसे देता त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाची जागा असते, तिथून रद्द होतं. कार्डवरून असेल तर बँकेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आपोआप कटणारे पैसे कटायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं आणि त्यात नको म्हणायची सोयही द्यावी लागते, तेव्हा तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

बटण लपवून ठेवणं हा तुमचा गैरसमज नाही, तो प्रकार ओळखीचा आहे आणि त्याला आपल्याकडे मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांबद्दल) मार्गदर्शक नियम काढले, त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिलेत, ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ त्यातलाच एक, म्हणजे घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा, पैसे कटल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

आणि हे वाचणारी जी मुलंमुली असली ॲप बनवतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं, डेटाच्या संमतीबद्दल तर आपला २०२३ चा कायदाच म्हणतो की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अमेरिकेत ॲमेझॉनवर प्राइम सोडणं अवघड केल्याबद्दल तिथल्या ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये केस केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती २५० कोटी डॉलरला मिटली. पण दंड बाजूला ठेवा, तुमच्या आईला ते बटण सापडेल का एवढं बघा.

प्रश्न : मी यूआय (ॲपच्या स्क्रीनची मांडणी) डिझायनर आहे. आमच्या ॲपमध्ये पेमेंट झालं की हिरवी टिक दाखवतो. बॅकएंडवाले (सर्व्हरची बाजू सांभाळणारे) म्हणतात कधी कधी पेमेंट अडकलेलं असतं, पण मॅनेजर म्हणतात की युजरला टेन्शन नको, टिक दाखवून टाका. तुमचं मत?
— डिझायनर, बाणेर

उत्तर : टिक दाखवू नका. गेल्या वर्षी मी मुलीच्या परीक्षेची फी एका साइटवर भरली, हिरवी टिक आली, खाली ‘यशस्वी’, मी निश्चिंत. तीन दिवसांनी मेल आला की फी मिळालेली नाही आणि मुदत काल संपली. बँकेतून पैसे गेलेले, त्यांच्याकडे पोचलेले नाहीत, आणि ती टिक कशाची होती विचारलं तर उत्तर मिळालं की ‘रिक्वेस्ट सबमिट झाल्याची’. त्या तीन दिवसांत मला एकदा जरी कळलं असतं तर मी परत भरले असते.

यात गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत एक रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारा) उघडला आणि बंद व्हायला हवा होता तेव्हा उघडाच अडकला. कंट्रोल रूममधल्या पॅनलवर त्याचा दिवा होता, तो विझला, म्हणून ऑपरेटरनी धरलं की व्हॉल्व्ह बंद झाला. पण तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता, तो जोडला होता व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइडच्या (विजेच्या चुंबकाच्या) विजेला. म्हणजे दिवा सांगत होता ‘बंद हो असं म्हटलंय’, आणि माणसं वाचत होती ‘बंद झालाय’. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला. तुमची हिरवी टिक कशाला जोडलीय ते बॅकएंडवाल्यांना विचारा, एवढंच.

तेव्हा तीन अवस्था दाखवा. झालं, नाही झालं, आणि अजून कळलं नाही. तिसरी दाखवताना लाज वाटायचं कारण नाही, फक्त तिच्यासोबत पुढचं सांगा. उदाहरणार्थ, ‘बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. पुन्हा पैसे भरू नका. उत्तर आलं की मेसेज करू.’ यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांचं असं अडकलं तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये, हेही त्याच स्क्रीनवर लिहा, टेन्शन त्यानेच जातं. आणि माणूस घाबरून पुन्हा बटण दाबणारच, म्हणून प्रत्येक ऑर्डरला पहिल्यांदाच एक ओळखक्रमांक देऊन ठेवा आणि तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरने नवीन पेमेंट न करता आधीचंच उत्तर द्यायचं.

तुमच्या मराठी आवृत्तीचे स्क्रीन पाठवलेत त्यात एक गोष्ट खटकली ती सांगतोच. बुकिंग रद्द करताना तुमचा बॉक्स येतो, ‘बुकिंग रद्द करायचे आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता सांगा, बुकिंग रद्द कुठल्याने होतं? मी घरात तिघांना दाखवलं, दोघांनी ‘रद्द करा’ दाबलं, आणि तुमच्याकडे त्याने फक्त बॉक्स जातो. इंग्रजीतलं कॅन्सल उचलून मराठीत ठेवलं की असं होतं. बटणावर क्रियापद पूर्ण लिहा, ‘बुकिंग रद्द करा’ आणि ‘बुकिंग राहू द्या’. तसंच ‘बंद करा’. खिडकी बंद, सेवा बंद, की खातं बंद? आपल्या भाषेत एकच शब्द तिन्हीला चालतो म्हणून काय बंद ते सोबत लिहायलाच हवं. ‘बाहेर पडा’ हे लॉगआउटला ठीक आहे, पण अर्धवट भरलेल्या फॉर्मवर ते असेल तर भरलेलं राहणार की जाणार ते आधी सांगा.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये इंटरफेसचे जे दहा नियम मांडले त्यातला तिसरा हाच, चुकून कुठे गेलेल्या माणसाला पटकन मागे यायला ठळक खुणेची वाट हवी. आणि जमेल तिथे ‘नक्की का?’ विचारण्यापेक्षा करून टाका आणि मागे घ्यायला वेळ द्या, जीमेल पाठवलेला मेल ३० सेकंदांपर्यंत परत घेऊ देतं तसं. ‘नक्की का?’ला लोक न वाचता हो म्हणतात.

प्रश्न : सर, कॉलेजात शिकवतात की फंक्शनला एकच रिटर्न (बाहेर पडायची ओळ) हवा, शेवटी. इंटर्नशिपला सीनियर म्हणतो वरच्या वर रिटर्न करून मोकळा हो. खरं कुणाचं?
— विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : दोघांचंही, पण वेगवेगळ्या कामासाठी. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचं गोटूविरुद्धचं (कोडमध्ये दुसरीकडे उडी मारायच्या आज्ञेविरुद्धचं) पत्र मार्च १९६८ चं, त्या सुमारापासून कोडचा एकच प्रवेश, एकच बाहेर अशी शिस्त आली, आणि सी भाषेमध्ये तिला चांगलं कारणही होतं. मध्येच रिटर्न केलंस तर उघडलेली फाइल, घेतलेली मेमरी, लावलेलं लॉक कोण सोडणार? पाच रिटर्न म्हणजे पाच ठिकाणी आवराआवर, सहावा कुणीतरी नंतर टाकतो आणि विसरतो. लिनक्स कर्नलमध्ये म्हणूनच आजही चूक झाली की गोटूने शेवटच्या एका आवराआवरीच्या जागी उडी मारतात. गाड्यांच्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या मिस्रा सी २०१२ या नियमावलीमध्येही एकच एक्झिट असावा असं आहे, पण सल्ला म्हणून, सक्ती म्हणून नाही. पुण्यात ऑटोमोटिव्हमध्ये गेलास तर हे समोर येईलच.

पायथनला २००६ मध्ये ‘विथ’ आलं, जावाला २०११ मध्ये संसाधनं आपोआप बंद करणारा ट्राय आला, गो मध्ये डिफर आहे. आवराआवर भाषाच करत असेल तर वरच्या वर रिटर्न चांगला, चुकीचं इनपुट दारातच परत पाठव आणि खालचं मुख्य काम सरळ वाचू दे. फक्त जावाच्या फायनली (शेवटी हमखास चालणारा भाग) मध्ये रिटर्न लिहू नकोस, वर आलेला एक्सेप्शन (चुकीची खबर) तिथे गुपचूप गिळला जातो आणि बाहेर सगळं ठीक दिसतं.

आणि मोजायचे तर रिटर्न मोजू नकोस, एक्सेप्शन, टाइमआउट, प्रोसेस मारली जाणं, बाहेर पडायच्या या सगळ्याच वाटा आहेत आणि त्यातल्या निम्म्या कोडमध्ये लिहिलेल्या दिसतच नाहीत.

प्रश्न : कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा) नवीन व्हर्जन टाकलं की दर वेळी पाच-दहा ऑर्डर हरवतात. पॉडचा (ॲपच्या एका चालू प्रतीचा) एक्झिट कोड १३७ दिसतो. मेमरी वाढवून बघितली, फरक नाही.
— वाचक, हिंजवडी

उत्तर : १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सिगकिल (तडक मारून टाकणारा ९ नंबरचा सिग्नल) मिळाला. मेमरी संपली तरी हाच कोड येतो म्हणून सगळे मेमरीकडे धावतात. तुमचं फक्त डिप्लॉयलाच (नवीन व्हर्जन टाकतानाच) होतंय म्हणजे गोष्ट वेगळी आहे. आधी सिगटर्म (‘आवरून बंद हो’ असा सिग्नल) येतो, आवरायला ३० सेकंद मिळतात, आणि तोपर्यंत प्रोसेस गेली नाही तर सिगकिल. तुमच्या ॲपपर्यंत सिगटर्म पोचतच नसावा. डॉकरफाइलमध्ये (ॲपचं पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) सुरू करायची कमांड साध्या ओळीसारखी लिहिलीय का? मग एक नंबरची प्रोसेस असतो शेल, तो सिग्नल पुढे देत नाही, ॲप ३० सेकंद बेफिकीर ऑर्डरी घेत राहतं आणि मग गळा दाबला जातो. चौकटी कंसातल्या यादीसारखी लिहा किंवा स्क्रिप्ट असेल तर शेवटी एक्झेक (शेलच्या जागी थेट ॲप बसवणारी कमांड) वापरा.

सिगटर्म मिळाल्यावर नवीन काम घेणं थांबवा, हातातलं पुरं करा, मग बाहेर. पण लगेच दार लावू नका, पॉडला रिक्वेस्ट पाठवायच्या यादीतून काढणं आणि सिगटर्म देणं ही कामं एकाच वेळी चालू होतात, काही सेकंद रिक्वेस्ट येतच राहतात, म्हणून प्रीस्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणारी पायरी) पाचेक सेकंद थांबा. आणि क्यूमधून (कामांच्या रांगेतून) उचललेली ऑर्डर सेव्ह झाल्यावरच पावती द्या, उचलल्या उचलल्या देऊ नका. हे शेवटचं केलंत तर वीज गेली तरी ऑर्डर हरवणार नाही, फार तर दोनदा येईल, आणि त्यासाठी बाणेरच्या उत्तरातला ओळखक्रमांक वाचा.

प्रश्न : सोसायटीच्या प्रत्येक मजल्याच्या लॉबीला कार्डने उघडणारी मॅग्नेटिक लॉकची दारं बसवतोय, जिन्याकडे जायलाही तीच. व्हेंडर म्हणतो बॅटरी बॅकअप देतो, वीज गेली तरी लॉक राहील. घ्यावं का?
— कमिटी मेंबर, वाकड

उत्तर : बॅकअप देतो हेच मला नको वाटतंय. मॅग्नेटिक लॉकचा चांगला गुण असा की वीज तुटली की ते सुटतं, आणि तुम्ही पैसे देऊन तो गुण काढून टाकताय. बाहेरून आत यायला कार्ड असू दे, आतून जिन्याकडे जायला कार्ड, पिन, वीज, यातलं काहीच लागता कामा नये. फायर अलार्म वाजला की लॉकची वीज बॅटरीसकट तुटली पाहिजे, आणि आतल्या बाजूला नुसतं ढकललं की उघडेल असा आडवा बार हवा. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली तेव्हा ६०० हून जास्त माणसं गेली, बरीचशी बंद आणि न उघडणाऱ्या दारांपाशी, त्यानंतर हे बार आले.

पैसे द्यायच्या आधी एका रविवारी सकाळी व्हेंडरला बोलवा, अलार्म वाजवा, दिवे घालवा, आणि एखाद्या सात-आठ वर्षांच्या पोराला सांगा की बाळा, जिन्याने खाली जाऊन दाखव.